आधी इमॅजिका, मग नागावचा समुद्र: लहान पोरांना घेऊन जाताना

खोपोलीचं इमॅजिका पार्क आणि अलिबागचा समुद्र एकाच सुट्टीत करायचा बेत असेल, तर हॉटेलं शोधायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत एकादशी, द्वादशी, त्रयोदशी कुठल्या वारी येतात ते बघा. शुक्ल पक्षातली असो की वद्य, चालेल. उपासतापासाशी याचा संबंध नाही. समुद्राशी आहे, आणि तो पुढे सांगते.

माझं माहेर अलिबागजवळच्या नागावचं, सासर चिंचवडचं. बालवाडीत शिकवते, म्हणजे तीन ते सहा वयाची पोरं सांभाळत फिरणं हे पोटापाण्याचंच काम. घरची दोन: थोरली पहिलीत, धाकटा शिशुवर्गात. सोबत बहुतेक वेळा सासूबाई असतात. दिवाळी संपली की मैत्रिणींचे फोन सुरू होतात, "तू कसं करतेस गं हे सगळं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहून ठेवते आहे.

आधी पार्क, मग समुद्र

हा क्रम उलटा करू नका. पार्कात चालावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, ऊन असतं, गोंगाट असतो. ती ताकद सुट्टीच्या सुरुवातीलाच असते. समुद्रावर पोरं आपापली रमतात, मोठ्यांना टेकायला मिळतं. आधी समुद्र केलात तर दोन दिवस वाळूत लोळलेलं पोर पार्कच्या रांगेत दहा मिनिटंही उभं राहत नाही. शिवाय वाळू सोडून निघायला कोणीच राजी नसतं, निघताना रडारड ठरलेली. पार्कातून निघताना मात्र "उद्या समुद्र" एवढं म्हटलं की गाडीत बसतात.

मी आखते ते असं. पहिल्या दिवशी दुपारी जेवून निघायचं आणि खोपोलीला किंवा पार्कच्या शेजारच्या हॉटेलात मुक्काम. दुसरा दिवस पूर्ण पार्कचा, रात्री पुन्हा तिथेच झोप. तिसऱ्या दिवशी सावकाश उठून अलिबाग तालुक्यात उतरायचं, संध्याकाळ किनाऱ्यावर. चौथा दिवस समुद्राचा. पाचव्या दिवशी सकाळीच परत. पार्क करून त्याच रात्री अलिबाग गाठायचा मोह होतो, कारण अंतर सत्तरेक किलोमीटरच दिसतं. अंधारात, थकलेल्या पोरांसह, वडखळच्या ट्रकांमधून ते अंतर कापायचं कारण काय? एका रात्रीचं भाडं वाचेल, दुसरा दिवस चिडचिडीत जाईल.

तारीख ठरवताना पार्कचा दिवस मंगळवार ते गुरुवारमध्ये बसला तर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलीही याच दिवसांत येतात, त्यामुळे आडवारी गेलं म्हणजे पार्क मोकळं असेलच असं नाही. पण सहलीची पोरं मोठ्या रोलर कोस्टरकडे पळतात, छोट्यांच्या राइड मोकळ्याच राहतात. नाताळ ते 31 डिसेंबरचा आठवडा सोडून द्या. तेव्हा पार्क, रस्ता आणि किनारा तिन्ही भरलेले असतात.

आणखी एक बघा. हे पार्क खोपोली–पाली रस्त्यावर आहे, म्हणजे अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक एका बाजूला आणि पालीचा बल्लाळेश्वर दुसऱ्या बाजूला. संकष्टीला, त्यातून अंगारकी असली तर विचारूच नका, या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. एकादशी ते त्रयोदशी धरली की संकष्टी आपोआप टळते.

मुलाचं वय आणि उंची

तीन वर्षांच्या आतलं एकच मूल असेल तर पार्क सोडा, सरळ समुद्रावर जा. हे माझं स्पष्ट मत आहे आणि त्यावरून मैत्रिणींशी वादही झालेत. दोन वर्षांच्या पोराला फुगा, माती आणि पाणी याच्या पलीकडे काही लागत नाही. मोठं भावंड बरोबर असेल तर गोष्ट वेगळी, मग धाकट्याला बाबागाडीत घालून न्यायचं.

पार्कात तिकीट आणि राइड दोन्ही वयावर नाही, उंचीवर ठरतात. निघायच्या आधी घरी भिंतीला टेप लावून मुलाची उंची मोजा, जे बूट घालून जाणार ते घालूनच. मग पार्कच्या संकेतस्थळावर जाऊन तिकिटाचे टप्पे आणि कुठल्या राइडला किती उंची लागते ते बघून घ्या. दर आणि नियम बदलत राहतात, म्हणून मी आकडे देत नाही. मापावरून कागदावर दोन याद्या करा: "आपण बसणार" आणि "मोठं झाल्यावर बसणार". यादी मुलांसमोर करा, त्यांच्या हातून चित्रं काढून घ्या. राइडच्या तोंडाशी उंचीच्या खांबाला उभं करून कर्मचाऱ्याने नाही म्हटलं की मुलाला तो अपमान वाटतो. घरीच ठरलेलं असलं तर तेच मूल रुबाबात सांगतं, "मी मोठी झाल्यावर बसणारे." कर्मचाऱ्याशी मात्र हुज्जत घालू नका. सेंटिमीटरभर कमी असलेलं मूल पट्ट्यातून निसटू शकतं, म्हणूनच तो खांब तिथे आहे.

उंचीत बसलं म्हणजे राइड मुलाला झेपेलच असं नाही. माझी बालवाडीतली कसोटी अशी: मिक्सर लावला की कान झाकतं का? सिनेमागृहात दिवे मालवल्यावर मांडीवर चढतं का? फुगा फुटला की किती वेळ रडतं? यातलं एक जरी लागू असेल तर अंधाऱ्या राइड पहिल्या फेरीत नकोत. सलीमगढ हा भुताचा वाडा, रॅथ ऑफ द गॉड्समधला आगीपाण्याचा खेळ, राजासॉरसची नदी, या सगळ्यांत अंधार आहे, मोठे आवाज आहेत. राजासॉरसमध्ये शेवटी बोट खाली झेपावते आणि पाणी अंगावर येतं. ज्या मुलांना डायनासोरचं वेड आहे त्यांना ती आवडते. त्यांना हेही सांगा की राजासॉरस हे पार्कवाल्यांनी बनवलेलं नाव नाही. गुजरातेत रहिओलीजवळ सापडलेल्या हाडांवरून 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव दिलं, म्हणजे प्राणी खरा, आपल्याच देशातला. धाकट्याला हे सांगितल्यापासून तो "आपला डायनासोर" म्हणतो.

छोट्यांसाठी उडणाऱ्या हत्तींची टबी टेक्स ऑफ, घोड्यांचं मॅजिक कॅरोसेल, गोल फिरणारे कप, छोटा आकाशपाळणा, एकमेकांवर आदळणाऱ्या बोटी अशा राइड आहेत. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी माझी लाडकी म्हणजे आय फॉर इंडिया. मोठ्या पडद्यासमोर पाय लोंबकळत ठेवून बसायचं आणि देशावरून उडत गेल्यासारखं बघायचं. सासूबाईंना ती एवढी आवडली की त्यांनी पुन्हा रांग लावायला सांगितली. उंचीची भीती वाटणाऱ्या मुलाला मांडीला मांडी लावून शेजारी बसवा आणि घाबरलास तर डोळे मीट, असं आधीच सांगा.

नायट्रो आणि स्क्रीम मशीन ही मोठ्यांची कामं. नवरा-बायकोंनी आळीपाळीने जा. एकाने मुलांजवळ बसायचं, दुसऱ्याने जाऊन यायचं. दोघांनी मिळून बसायचा हट्ट असेल तर आजी किंवा मावशी बरोबर हवी.

पार्कातला दिवस

पार्क सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला उघडतं. दारात साडेदहालाच पोहोचा, पोटभर नाश्ता करून. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, अगदी तान्ह्या बाळाच्या खाण्यापुरती सूट असते. तेव्हा लाडू-चकल्यांचे डबे गाडीतच ठेवा आणि संध्याकाळी गाडीत बसल्याबरोबर काढा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मात्र बरोबर असू द्या.

आत शिरल्यावर सगळे जण पहिल्या दिसेल त्या राइडला चिकटतात. तुम्ही नकाशा घेऊन सरळ आतल्या टोकाला जा आणि तिथून परत येत करा. पहिल्या दीड-दोन तासांत छोट्यांच्या राइड उरकतात, कारण तेव्हा ऊन कमी आणि रांगा आखूड असतात. एकच राइड मुलाला पुन्हा पुन्हा हवी असेल तर बसू द्या. "पैसे भरलेत, सगळं बघून घेऊ" हा हिशोब मोठ्यांचा. मुलांच्या लेखी हत्ती चार वेळा उडाला म्हणजे दिवस वसूल.

साडेबाराला जेवा, दीडला नाही. दीडला सगळं पार्क जेवायला येतं. आणि जेवणानंतरची झोप! यात कसूर करू नका. जवळच्या हॉटेलात मुक्काम असेल तर बाहेर पडून पुन्हा आत येता येतं का, हे सकाळी दारातच विचारून ठेवा. येत असेल तर दोन तास खोलीवर जाऊन झोपवून आणा. नसेल तर बाबागाडी मागे झुकवून, वर ओढणी टाकून, सावलीत किंवा एखाद्या वातानुकूलित जेवणघराच्या कोपऱ्यात झोपवा. तेवढ्या वेळात थोरलीला घेऊन नवरा बसून बघायच्या खेळांना जातो: अलीबाबाची लेझरची बंदूक, मिस्टर इंडिया, थिएटरातले शो. दुपारच्या उन्हात गारव्यातले शो, हे सूत्र धरून चाला. झोप झालेलं मूल संध्याकाळची मिरवणूक बघतं, झोप चुकलेलं मूल मिरवणुकीत भोकाड पसरतं.

रांग टाळायचं जादा पैशांचं एक्स्प्रेस तिकीट मिळतं. पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं असतील तर आडवारी त्याची गरज नाही. जिथे मोठ्या रांगा लागतात त्या राइडवर ती बसणारच नसतात.

शेजारी वॉटर पार्क आणि स्नो पार्क आहे, दोन्हीची तिकिटं वेगळी. या बेतात दोन्ही गाळा. दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचंच आहे, तर पाण्याचे पैसे वेगळे कशाला भरायचे? ज्यांना समुद्र करायचा नाही त्यांनी वॉटर पार्क जरूर करावा, फक्त सुती कपडे तिथे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात.

हरवण्याची तयारी करून जा. मुलांना आपल्या कपड्यांत एक भडक रंग घाला, सगळ्यांना एकच. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने फोन नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे घामाने जात नाही. सकाळी मुलांचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. आणि त्यांना शिकवा: आई दिसेनाशी झाली की शोधायला धावायचं नाही, जिथे आहोत तिथेच उभं राहून आईचं पूर्ण नाव मोठ्याने ओरडायचं. "आई" म्हटलं की पन्नास आया वळून बघतात.

खोपोलीहून अलिबाग

तिसऱ्या दिवशी दोन रस्ते आहेत. थेट जायचं तर खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड, अलिबाग. सासूबाई असल्या की आम्ही दुसरा घेतो: आधी पाली, मग वाकण, नागोठणे करून वडखळ. पार्कवरून पाली पाऊण-एक तासावर. सकाळी लवकर गेलं तर दर्शन निवांत होतं. आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायची पद्धत आहे. मुलांना देवळातली मोठी घंटा दाखवा. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी आप्पांनी देवळाला दिलेली ही पोर्तुगीज घंटा आहे असं सांगतात, आणि हात पुरत नसलेल्या प्रत्येक पोराला ती वाजवायचीच असते. आदल्या दिवशी नातवंडांच्या मागे पाय दुखवून घेतलेल्या आजीलाही आपला म्हणून एक दिवस मिळतो.

थेट पेणवरून गेलात तर पोह्याचे पापड घ्या, मिरगुंडं घ्या. भाद्रपद जवळ असो की नसो, पेणेत गणपतीचे कारखाने वर्षभर चालू असतात. मालकाला विचारून पाच मिनिटं आत डोकावलं की रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगा बघून मुलं थक्क होतात. हात लावायचा नाही, एवढं मात्र दारातच बजावा.

पुण्याकडून येणाऱ्यांसाठी एक: बोरघाट उतरताना पोरांचं पोट भरलेलं नको. निघायच्या आधी दीड तास जेवण, गाडीत मोबाइल नाही, खिडकीतून लांबचं बघायचं. उलटीच्या कागदी पिशव्या डिकीत ठेवू नका, पुढच्या सीटच्या खिशात ठेवा.

मुंबईकरांना याहून मजेदार वाट आहे. जाताना खोपोली, येताना मांडवा. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट, तासाभरात. मार्च 2020 मध्ये ती सुरू झाली आणि आमच्या माहेरची पाहुण्यांची वर्दळ दुप्पट झाली. गाडी नसेल तर मांडव्याहून गेटवेला छोट्या बोटी आहेत. पोरांच्या लेखी बोट ही आणखी एक राइडच, आणि हिला उंचीचा खांब नाही. सुट्टीच्या दिवसांत रो-रोचं आरक्षण आधी करून ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, पण पावसाळ्यात पोरांना घेऊन समुद्रावर जायचंच कशाला?

तिथी आणि भरती-ओहोटी

आता कॅलेंडरचं. आमच्या बाबांनी शिकवलेला हिशोब, किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. दिवसातून दोन भरत्या, तेव्हा पहाटे-रात्रीचीही साधारण त्याच वेळी. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज हे पाऊण तास पुढे सरकतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पक्की वेळ मोबाइलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच, पण तारखा ठरवायला हा हिशोब पुरतो.

लहान मुलांसाठी हवं काय? दुपारी ऊन कलल्यावर रुंद ओली वाळू, आणि पाणी हळूहळू आत येणारं, बाहेर ओढणारं नव्हे. ओहोटी लागली की पायाखालची वाळू सरकते, पाणी समुद्राकडे खेचतं. पाण्यात जायची वेळ चढत्या पाण्याची, वाळूत खेळायची वेळ केव्हाही. द्वादशीला सकाळी नऊला भरती, म्हणजे सव्वातीनला पूर्ण ओहोटी. चार वाजता किनाऱ्यावर उतरलात की अर्धा किनारा उघडा असतो आणि सूर्य मावळेपर्यंत पाणी सावकाश चढत असतं. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी धरायचं कारण हे. अष्टमीला गेलात तर उलटं: संध्याकाळी सहाला पाणी सुरूच्या झाडांजवळ, खेळायला वाळूच नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी फार चढतं आणि फार ओसरतं. तेव्हा दुपारी बाराच्या आसपास भरती आणि संध्याकाळभर ओहोटी, म्हणजे नुसतं वाळूत खेळायचं, पाण्यात जायचं नाही.

नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा: तीन वर्षांच्या मुलाला घोटाभर पाणी, सहा वर्षांच्याला गुडघाभर. मोठा माणूस मुलाच्या आणि समुद्राच्या मधे उभा, तोंड मुलाकडे आणि कान लाटेकडे. "मी इथूनच बघतेय" असं वाळूत बसून म्हणणं चालणार नाही. पोहोण्याचे फुगे, टायर समुद्रात वापरू नका. वारा जमिनीकडून सुटला की ते घेऊन जातो. कपडे लाल-केशरी घाला. निळ्या-करड्या कपड्यातलं पोर पाण्यात दिसत नाही.

कुठला किनारा

अलिबागच्या मुख्य किनाऱ्यावर गर्दी, पण समोर कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, आत गणपतीचं देऊळ आणि गोडं पाणी आहे. त्यासाठी त्रयोदशी बरी, एकादशीला पाणी पुरतं ओसरत नाही. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. परतायची वेळ घोडागाडीवाल्याला विचारून ठेवा आणि तो म्हणेल ती पाळा. मुलांना मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, खडकांवर कालवांच्या कपच्या असतात, अनवाणी पाय चिरतात.

नागावला बनाना बोट, पॅरासेलिंगसारखे खेळ, चारचाकी मोटारसायकली, सगळं आहे. माहेर असूनही सांगते, लहान पोरांना घेऊन शनिवार-रविवारी तिथे नको. वाळूत बसलेल्या पोराशेजारून ती गाडी सुसाट जाते, हे मला बघवत नाही. आडवारी नागाव, सुट्टीला आक्षी. आक्षी खाडीच्या बाजूला, सपाट, शांत, सुरूची सावली. हिवाळ्यात कुरव पक्षी येतात, दुर्बीण असेल तर न्या. तिथला शके 934 चा शिलालेख मराठीतला सर्वांत जुना मानला जातो. पोरांना त्याचं काही नाही, पण तुम्ही बघून या.

काशीदचा किनारा सुंदर आहे, पांढरी वाळू, फोटो छान येतात. पण उतार खडा आहे आणि ओढ जोरात. पोरांना घेऊन तिथे शहाळं प्या आणि परत या, पाण्यात उतरू नका.

खेळणी विकत घेऊ नका. जुन्या वाट्या, चाळण, पळी आणि इडलीचं एक भांडं घेऊन जा. इडलीपात्रातून ओल्या वाळूच्या इडल्या काढण्यात आमचा धाकटा दोन तास घालवतो. ओहोटीला वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, ती इवल्या खेकड्यांनी वाळू चाळून टाकलेली असते. मुलांना हलायचं नाही असं सांगून बिळाजवळ बसवा, दोन मिनिटांत खेकडे बाहेर येतात. गप्प बसण्याचा याहून चांगला खेळ मला बालवाडीतही सापडलेला नाही. वाळूवर निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू देऊ नका. दंश झालाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. जिल्हा रुग्णालय अलिबागेतच आहे.

राहायचं कुठे, खायचं काय

नारळी-पोफळीच्या वाडीतलं घरगुती राहणं मला हॉटेलापेक्षा आवडतं. पण खोली ठरवताना फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी फोनवर विचारा. विहिरीला कठडा आणि जाळी आहे का? हौद झाकलेला आहे का? पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आहे का? फाटक लागतं का, की दारातून सरळ रस्ता? किनारा चालत किती मिनिटं, आणि मधे मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? रात्री पोरं झोपल्यावर शेजारच्या खोलीत मोठ्याने गाणी लावायला परवानगी आहे का? शेवटचा प्रश्न विचारला की घराचा रागरंग कळतो.

वाडीत पाटाचं पाणी सोडलं की पोरांना कागदी होड्या करून द्या. मात्र नारळाखाली चटई टाकून बसवू नका. झावळी आणि नारळ सूचना देऊन पडत नाहीत. संध्याकाळी वाडीत डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे न्या आणि मच्छरदाणी आहे का ते विचारून घ्या.

जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं. पोरांसाठी "तिखट वेगळं" असं स्पष्ट सांगा, नुसतं "कमी तिखट" म्हटलं तर आमच्याकडच्या कमी तिखटाने चिंचवडकरांच्या डोळ्यांत पाणी येतं. मासे खात असाल तर पोरांना सुरमईची किंवा पापलेटची तुकडी द्या, काटा सहज निघतो. मांदेली त्यांच्या हाती देऊ नका. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं, घावन, नारळाचा रस, सोलकढी. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पोपटी लावायला सांगा: मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर कोंबडी, भांबुर्डीचा पाला घालून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पोरांना अंतरावर बसवून तो जाळ बघू द्या. शेंगा सोलत सोलत त्या रात्री सगळी जेवतात, नाही म्हणणारीसुद्धा.

दुपारी अकरा ते साडेतीन खोलीवर. या वेळात किनाऱ्यावर काही नाही, फक्त ऊन आहे.

औषधांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध मात्रेच्या चिठ्ठीसकट, जखमेचं मलम, चिकटपट्ट्या. शिवाय बेबी पावडरचा डबा: वाळूने माखलेल्या सुक्या पायांवर ती टाकून हाताने झटकली की वाळू सुटते, पाण्याने धुण्यापेक्षा लवकर. गाडीच्या सीटवर जुनी चादर अंथरा. ओल्या कपड्यांना घट्ट झाकणाची बादली घ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या गळतात.

परतीला रविवारी दुपारी चारनंतर अलिबाग सोडू नका. कार्ले खिंडीपासून वडखळपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि पोरांना नेमकी तिथेच शू लागते. एक तर सकाळी आठला निघा, नाहीतर सोमवारची रजा टाका. निघताना अलिबागचा पांढरा कांदा मिळत असेल तर वेणी घ्या. साधारण जानेवारीच्या शेवटाकडे नवा कांदा येऊ लागतो, रस्त्याकडेला बायका घेऊन बसलेल्या असतात. वेणी बघून घ्या, देठ हिरवट असतील तर घरी गेल्याबरोबर टांगा, डिकीत ठेवलात तर दोन दिवसांत वास सुटतो.